खाकी पट्टीखालची नावं

वर्गाच्या दोन्ही खिडक्यांवर काळं कापड ओढलं की रायपूरच्या गुढियारीची दुपार बाहेरच राहायची. आत थोडा अंधार, तळ्याच्या पाण्यासारखा थोडा निळसर उजेड, आणि भिंतीवरच्या टीव्हीवर एक त्रिकोण. त्याचा पाया खाली स्थिर. वरचं टोक मात्र मोकळं, पायाला समांतर अशा एका रेषेवर ठेवलेलं, तारेवर बसलेल्या पाखरासारखं. मी माउस हलवला की ते टोक रेषेवरून सरकायला लागायचं. त्रिकोण तिरपा व्हायचा, आणखी तिरपा, मग इतका लांब आणि बारीक की वाळत घातलेल्या साडीचं टोक वाऱ्याने ओढून न्यावं तसा दिसायचा. कोपऱ्यात क्षेत्रफळाचा आकडा होता. तो हलत नव्हता.

मुलं बोलत नसत. मागे रेल्वेच्या मालधक्क्यावर मालगाडीच्या वाघिणी एकमेकींना लागायच्या, तो आवाज गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत जायचा, आणि पडद्यावरचं टोक सरकत राहायचं. मी अर्धं आयुष्य गणित शिकवलं आहे. माझ्या तासाला शांतता नेहमीच असायची, पण ती धाकाची. ही वेगळी होती. झोप आणि जाग यांच्या मधल्या पायरीवर सगळा वर्ग बसून आहे, अशी.

या शांततेसाठी मी खोटं बोललो, आणि दोन वर्षं ते खोटं सांभाळलं.

आमचं घराणं विदर्भातलं. वडील रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि रायपूरचेच होऊन गेले. मी एका लहानशा खाजगी शाळेत हिंदीतून गणित शिकवतो. कुणा दात्याने शाळेला मोठा टीव्ही दिला आणि मुख्याध्यापकांनी सांगितलं, गणितवाल्यांनी तो वापरायचाच. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, कूलरसमोर बसून, काय दाखवता येईल ते शोधायला लागलो. बायको पलीकडे डुलकी काढायची, कूलरमधल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरायचा, आणि मी एका पानावरून दुसऱ्या पानावर जायचो.

मला वाटलं होतं, दोन-चार व्हिडिओ असतील. निघालं ते एक अख्खं गाव. कुणी बाई स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पोळी कापून अपूर्णांक सांगत होती, तिचा चेहरा दिसायचा नाही, फक्त पिठाचे हात. कुणी म्हातारे गुरुजी अंगणात फळा लावून बसलेले, मध्येच कोंबडा आरवायचा, ते थांबायचे, कोंबड्याला बोलू द्यायचे आणि मग समीकरण पुढे न्यायचे. कुणी सरावाचे प्रश्न करून ठेवले होते. चुकलं तर ते रागवत नसत. ‘पुन्हा करून बघा’, एवढंच. मी मुद्दाम चुकायचो. पुन्हा करून बघा. मी परत चुकायचो. माझ्या वर्गात असं चुकणाऱ्याला मी काय म्हणालो असतो ते आठवायचं आणि मी पान बदलायचो.

तो त्रिकोण तिथेच सापडला. एकाच पायावरचे आणि एकाच समांतर रेषांमधले त्रिकोण समान क्षेत्रफळाचे असतात, हे प्रमेय मी दरवर्षी फळ्यावर सिद्ध करत आलो होतो. झोपेतही सांगितलं असतं. त्या दुपारी टोक सरकवताना मला पहिल्यांदाच दिसलं की त्रिकोण जितका आडवा लांबतो, तितकाच बारीक होत जातो. कुठे काही सांडत नाही. मी ते टोक किती वेळ इकडून तिकडे नेत होतो कुणास ठाऊक. कूलरचं पाणी संपून नुसता गरम वारा यायला लागला तेव्हा बायकोने उठवलं. तोवर मला ते येत होतं, कळलं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. पहिलीत ते चित्र करणाऱ्या बाईंचं नाव आणि त्या शिक्षिका आहेत एवढी माहिती, दुसऱ्या कुठल्याशा देशातल्या. शेजारी, हिंदीत आणणाऱ्या माणसाचं नाव. दुसऱ्या ओळीचा अर्थ असा: हे कुणीही घ्यावं, शिकवावं, बदलावं, फक्त करणाऱ्याचं नाव सोबत राहू द्यावं. या लिखाणात मी कुणाचंच नाव घ्यायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून ती दोन्ही इथे नाहीत. तेव्हा तसं काही ठरवलं नव्हतं. तेव्हा ती मी लपवली.

शाळा उघडल्यावर गोल बाजारातून काळं कापड आणलं. दुकानदाराने मोजता मोजता विचारलं, ‘‘भैया, टॉकीज खोल रहे हो क्या?’’ मी हसलो. पहिल्या दिवशी नववीच्या वर्गात अंधार केला, त्रिकोण लावला आणि टोक हलवलं. ती शांतता पसरली. मग पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘‘सर, ये आपने बनाया?’’

ती आमच्याच गल्लीतली, मराठी घरातली. तिचे वडील मालधक्क्यावर नोकरीला. मराठी सगळं समजायचं तिला, उत्तर मात्र हिंदीत. अभ्यासाला आमच्या घरीही यायची.

मी ‘नाही’ म्हणणारच होतो. तेवढ्यात मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. वर्ग माझ्याकडे बघत होता, त्या निळ्या उजेडात सगळ्यांचे चेहरे मऊ झालेले. मी म्हणालो, ‘‘बहुत मेहनत लगी.’’

मेहनत लागलीच होती. कुणाची, ते बोललो नाही.

पोरं तळाची नावं वाचतील म्हणून दुसऱ्या दिवशी वह्यांना घालतो तो खाकी कागद आणला, त्याची लांब पट्टी कापली आणि टीव्हीच्या खालच्या कडेवर डिंकाने चिकटवली. सांगितलं, खालचा भाग लुकलुकतो, डोळ्यांना त्रास होतो. मुलांनी लगेच मानलं. त्रास झाला तो शिपायाचा. फार सज्जन माणूस. दर महिन्याला यायचा आणि म्हणायचा, ‘‘सर जी, अभी वारंटी में है. मिस्त्री ला बुला दूँ?’’

‘‘नको रे बाबा. रहने दो.’’

‘‘फोकट में बना देगा, सर जी.’’

‘‘रहने दो, कहा ना!’’

तो कागदाकडे बघत हळूच बाहेर जायचा. एकदा त्याने पट्टीची सुटलेली कड स्वतःच नीट चिकटवून ठेवली होती. ते बघून मला कितीतरी वेळ बसवेना.

नवी चित्रं येत राहिली. वर्तुळं उलगडून सरळ व्हायची, आलेख उठायचे आणि निजायचे. घरी शिकायचो, शाळेत दाखवायचो, पट्टी आपल्या जागी. मी बदललो होतो, हेही खरं. ओरडणं कमी झालं होतं. ‘‘फिर से करके देखो,’’ म्हणायला लागलो होतो. पालक भेटायला येत. भनपुरीहून एक ट्रकवाले आले आणि माझे हात धरून म्हणाले, ‘‘सर, मेरा लड़का घर में त्रिभुज की बात करता है.’’ असं कुणी बोललं की छातीत काहीतरी गरम पसरायचं आणि त्याच्यामागोमाग गार. त्या दिवसांत स्वप्नं पडायची. मी एका लांब रेषेवरून चालतो आहे, दोन्ही बाजूंना धुकं, आणि खाली, फार खाली, माझ्या नावाने कुणीतरी दुसरंच ओ देत आहे.

बायकोला सगळं माहीत होतं. ते त्रिकोण मी पहिल्यांदा तिलाच दाखवले होते. एकदा त्या मुलीची आई आमच्याकडे बसून म्हणाली, ‘‘वहिनी, भाऊजीचं डोकं म्हणजे डोकं आहे. पोट्टी सांगत होती, सारं स्वतः बनवते म्हणे.’’ बायकोने चहा गाळला, कप दिला. ती गेल्यावर गाळणी झटकत म्हणाली, ‘‘काहून जी, आंबे बाजारातून आणाचे अन् लोकायले सांगाचं का घरच्या झाडाचे आहेत?’’

‘‘मी तसं म्हटलं नाही कधी.’’

‘‘अन् नाही असंबी नाही म्हटलं.’’

‘‘सांगीन.’’

‘‘सांगा मंग. आंबे सडाच्या आत.’’

मी सांगितलं नाही. दहावीचं वर्ष आलं आणि गेलं.

निकाल लागल्यावर त्या मायलेकी पेढे घेऊन आल्या. मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली होती, गणितात तर फारच चांगल्या. पण तिच्या वडिलांची बदली झाली होती, दूर, डोंगराकडच्या एका लहान स्टेशनावर. तिथल्या शाळेत गणित हा विषय होता, शिकवायला माणूस टिकत नव्हता.

‘‘तर आता आर्ट्स घेतो म्हणते,’’ आई म्हणाली. ‘‘म्या म्हटलं, अवं, तुले गणित एवढं आवडते. तर म्हणते, सर नाही तर गणित नाही.’’

मुलगी खाली बघून पेढ्याच्या डब्याचं रबर ताणत होती. ‘‘सर जैसा वहाँ कौन पढ़ाएगा? मेरे को अकेले से नहीं होगा.’’

हे लिहिताना हात अडतो, पण लिहायला हवं. मला पहिल्यांदा आनंद झाला. दुःख नाही, काळजी नाही. आनंद. सर नाही तर गणित नाही. पेढा तोंडात होता, तो विरघळला, आणि त्या गोडीत मी एक क्षणभर, कदाचित त्याहून जास्त, खरोखर सुखी होतो. मग मी बायकोकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. तिने नजर काढून घेतली.

त्या दुपारी कूलरसमोर पडून राहिलो. छतावर पाण्याची सावली हलत होती. मला दिसत होतं की त्या मुलीने गणित कुठे ठेवलंय. माझ्या डोक्यात. आणि माझ्या डोक्यात तर ते नव्हतंच. ते त्या पिठाच्या हातांत, कोंबड्याच्या अंगणात, सगळ्यांसाठी उघडं पडलेलं होतं. त्या डोंगराकडच्या स्टेशनावरही फोन लागत असणारच. दारावर मी उभा होतो, खाकी पट्टी घेऊन.

ती शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला येणार तो दिवस मला ठाऊक होता. सुट्टीच होती. शिपायाकडून वर्गाची किल्ली घेतली, काळं कापड ओढलं, माझ्या फोनवरून नेट जोडून तोच पहिला त्रिकोण लावला. मायलेकी ऑफिसातून बाहेर आल्या तेव्हा मी व्हरांड्यात उभा होतो. म्हटलं, ‘‘जरा वर्गात या.’’

रिकाम्या वर्गात तो निळा उजेड आणखी मोठा वाटत होता. बाकांवर धूळ होती. मुलगी सवयीने पुढच्या बाकावर बसली, आई दाराशी पदराने वारा घेत उभी राहिली. मी पट्टी ओढली. दोन वर्षांचा डिंक, तो सरळ निघेना. कागदाचे तुकडे निघत होते, मध्ये मध्ये खाकी बेटं राहत होती. मी नखाने खरवडायला लागलो.

‘‘सर, स्क्रीन लुकलुक करेगा ना?’’

‘‘नाही करत. कधीच करत नव्हता. वाच तिथे काय आहे.’’

ती उठून जवळ आली. एक बेट तिनेच नखाने काढलं. मोठ्याने वाचलं, पहिलं नाव, मग दुसरं, मग ती ओळ. मग पुन्हा पहिलं नाव.

‘‘ये आपने नहीं बनाया?’’

‘‘नाही.’’

‘‘वो सर्कल वाला?’’

‘‘तोपण नाही.’’

‘‘एक भी नहीं?’’

‘‘एकही नाही.’’

मागे मालगाडी हलली. डब्यामागून डबा ओढला गेल्याचा आवाज लांबवर गेला. आई दारातून म्हणाली, ‘‘हे मोबाईलवर भेटते? फुकट?’’

‘‘हव. सगळ्यांना.’’

‘‘मंग आजवर काहून नाही सांगितलं, भाऊजी?’’

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. पाण्याची टाकी कुठे आहे हे शेजाऱ्याने का सांगू नये, तसं काहीसं. मी म्हणालो, ‘‘मी मोठा दिसत होतो ना, वहिनी.’’

मुलगी टीव्हीसमोरच उभी होती. माझ्याकडे पाठ. तिने माउस हातात घेतला. हा माउस मी कधी मुलांच्या हातात दिला नव्हता. टोक जागचं हललं, रेषेवरून हळूहळू उजवीकडे निघालं, त्रिकोण लांबत गेला.

‘‘आपको ये सब पहले से आता था?’’ तिने न वळता विचारलं.

‘‘सिद्ध करता येत होतं. कळलं मात्र इथेच. घरी, कूलरसमोर. मीही इथेच शिकलो.’’

‘‘अकेले?’’

‘‘हो. चुकत चुकत.’’

टोक पडद्याच्या कडेपर्यंत गेलं आणि बाहेर गेलं. आता दिसत होत्या फक्त दोन बारीक रेघा, जवळजवळ एकमेकींना चिकटलेल्या, कडेच्या पलीकडे कुठेतरी जाणाऱ्या. कोपऱ्यातला आकडा तोच. तिने त्या पानाचा पत्ता आपल्या आईच्या फोनमध्ये लिहून घेतला. एकेक अक्षर मला दाखवून, बरोबर आहे का विचारून. मग म्हणाली, ‘‘चलते हैं, सर.’’

प्रत्येक वेळी निघताना ती वाकून पाया पडायची. त्या दिवशी पडली नाही. आईने तिच्या कोपराला हलकेच हात लावला, तरी नाही. व्हरांड्यातल्या उन्हात दोघी चालत गेल्या, पांढऱ्या उजेडात त्यांच्या कडा विरघळल्या, आणि मी वर्गात बसून राहिलो. नंतर शिपाई आला. उघड्या टीव्हीकडे बघून त्याचा चेहरा फुलला. ‘‘मिस्त्री आया था, सर जी?’’

‘‘आलं होतं कुणीतरी,’’ मी म्हणालो, आणि मग त्यालाही खरं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि ओलं फडकं आणून उरलेला डिंक पुसून दिला.

शाळा उघडली. नवीन नववीच्या वर्गात पहिल्याच दिवशी मी फळ्याच्या कोपऱ्यात ती दोन नावं लिहिली. सांगितलं, हे मी केलेलं नाही, यांनी केलं आहे, मागच्या मुलांना मी ते माझंच आहे असं भासवलं. मग मागून एकजण म्हणाला, ‘‘ठीक है सर, आगे चलाइए ना.’’ दुसरा म्हणाला, ‘‘मतलब घर में भी चलेगा? मम्मी के फोन में?’’ आणि वर्गात घरच्या फोनवर कुणाकुणाचा हक्क आहे याचीच चर्चा सुरू झाली. मी जे इतकं जड उचलून आणलं होतं, ते ठेवायला तिथे कुणी जागाच केली नाही.

अकरावीला तिने काय घेतलं ते मला कळत नव्हतं. विचारायला तोंड नव्हतं. बायको अधूनमधून तिच्या आईशी फोनवर बोलायची, मी पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र हातात धरून कान देऊन बसायचो, आणि त्या दोघी लोणच्याबद्दल बोलायच्या.

थंडी पडायला लागली तेव्हाची गोष्ट. रविवारची सकाळ, गच्चीवर ऊन कोवळं, जवळच्या तळ्याकडून धूर आणि धुकं मिसळून येत होतं. बायको सुपात तूर निवडत होती. तिचा फोन वाजला. तिने चष्मा वर सरकवून बघितलं आणि माझ्याकडे दिला. ‘‘पोट्टीनं काही पाठवलं. तुमच्या कामाचं दिसते.’’

माझ्या फोनवर नव्हतं पाठवलं. बायकोच्या फोनवर पाठवलं होतं. मी उघडलं.

दोन समांतर रेषा होत्या, पण आता त्या रूळ झाल्या होत्या, खाली स्लीपर टाकलेले. खालच्या रुळावर त्रिकोणाचा पाया. वरच्या रुळावर, टोकाच्या जागी, एक छोटं लाल इंजिन. बोट लावलं की इंजिन चालायचं आणि त्रिकोण त्याच्यामागे ओढला जायचा. मागे हिरवे-निळे डोंगर काढले होते, जरा वाकडे. वर हिंदीत लिहिलं होतं, ग्यारहवीं, गणित, आणि त्याखाली तिच्या नव्या शाळेचं नाव.

गच्ची, धुकं, तुरीचं सूप, सगळं थोडा वेळ जागचं हललं आणि परत जागेवर आलं.

मग मी पान खाली सरकवलं. तळाशी बारीक अक्षरांत नावं होती. पहिलं त्या परदेशातल्या शिक्षिकेचं. दुसरं हिंदीत आणणाऱ्याचं. तिसरं, ‘बदल करणारी’ म्हणून, तिचं स्वतःचं. ही तीन. मी आणखी खाली सरकवलं. पान संपलं होतं. परत वर गेलो, नीट वाचलं, परत खाली आलो.

‘‘काय शोधून राहिले?’’ बायको म्हणाली.

‘‘काही नाही.’’

तिने हात पुढे केला. ‘‘द्या इकडे. मले चालवू द्या.’’

तिने तुरीचं बोट पदराला पुसलं आणि इंजिन चालवायला लागली. डोंगरापर्यंत नेलं, परत आणलं, परत नेलं. तोंडाने अगदी हळू भोंगा वाजवला. मग कोपऱ्यात बघून थांबली.

‘‘हा आकडा काहून नाही बदलत? एवढं लांब गेलं तरी?’’

सांगायला माझं तोंड उघडलंही होतं. पाया, उंची, समांतर, सगळं जिभेवर होतं.

‘‘तिलाच लाव फोन,’’ मी म्हणालो. ‘‘तिचं आहे.’’